स्लाइड क्रमांक ४१७

वाटाण्याएवढा तुकडा, डाव्या नडगीवरचा.
बाटलीवर चिठ्ठी: अयोध्या सोळंके, वय ४३,
एसटी वाहक, अंबाजोगाई आगार.

मेणात बसवला. दुपारी लाइट गेली,
ताटलीतलं पाणी निवलं,
पहिले दोन पापुद्रे सुरकुतले.
तिसरा नीट तरंगला, चार मायक्रॉनचा.
त्याला निळा रंग दिला, मग गुलाबी.

आदल्या दिवशी ती चुकून आमच्याच खिडकीशी आलेली.
साडी वीतभर उचलून म्हणाली,
"घसा धरला म्हणून गोळ्या खाल्ल्या.
घसा सुटला, अन् पाय धरले बगा.
आधी वाटलं ढेकणं चावले."
डॉक्टरांनी ठिपक्यांवर काच दाबली होती.
एकही फिका पडला नव्हता.
रक्त नळीत नव्हतंच, बाहेर सांडलेलं.

मी माझ्या परीनं सांगितलं:
गोळीचा कण अन् रक्तातलं प्रथिन, जोडी जमली.
थोराड असती तर प्लीहेनं गिळली असती,
ही मधल्याच मापाची,
बारीक नळीच्या भिंतीला चिकटून बसली.
"म्हंजे दारात थांबणारं पॅशिंजर.
उतरंना, अन् आतबी सरकंना."
हो. तसंच.

मग पांढऱ्या पेशी धावल्या.
पण भिंतीला चिकटलेला घास तोंडात येईना,
तेव्हा पोटातलं जाळतं पाचक
त्यांनी तिथंच ओतलं.
भिंत फाटली. त्याही फुटल्या.

भिंगाखाली अख्ख्या पेशी मोजक्याच.
बाकी नुसती निळी-काळी भुकटी,
खलबत्त्यात अर्धवट कुटलेल्या कारळासारखी.
सर तिला केंद्रकांची धूळ म्हणतात.

"मपल्याच रक्तानं मपल्याच नळ्या फोडल्या? कामून?"
माझ्या रजिस्टरात कामूनचा रकाना नाही.
पायच का, तेवढं सांगता आलं:
उभ्यानं रक्त खाली साचतं.
ती हसली. एकवीस वर्षं, अंबाजोगाई-लातूर, रोज दोन फेऱ्या.
बसून करायच्या कामासाठी तिनं अर्ज दिला होता.

महिन्यानं लातूरला निघालो.
गाडीत तीच.
तिच्या सीटवर लेकुरवाळी एक बाई बसलेली,
ही दांड्याला टेकून,
एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत.
मोज्याच्या वर दोन डाग दिसले, चिंचोक्याच्या रंगाचे.

मशीन टरटरलं. तिकीट हातात आलं.
तिनं ओळखलं नाही.
मी तिला चार मायक्रॉन आतून ओळखतो,
हे सांगायचं कसं?
बर्दापूर आलं. तीन रुपये सुटे नव्हते,
तिकिटामागं तिनं पेनानं लिहिलं: ३.
उतरताना घ्या म्हणाली.