आतला रूळ

दुकानाच्या मागच्या खोलीत,
जिथे जळक्या मोटारी वाइंडिंगची वाट बघत पडतात,
मी एका प्लायवर पाचोरा मांडलाय.
भिंतीपासून सात फुटांवर खिडकी.
खिडकीत जामनेर.

रूळ जुन्या बाजारातले,
आधीच्या मालकाच्या खिळ्यांची भोकं तशीच.
सगळे तुकडे दुसऱ्याच कुणाच्या खोलीच्या मापाचे.
शेंदुर्णीपुढे बोटभर जास्त,
पहूरपाशी दीड बोट कमी.
त्यात आमची भिंत सुपडू गवंड्याची,
त्याचं ओळंब्याशी कधी पटलं नाही.

तर कापणं आलं.

करवत जळगावहून आणली,
विसपुत्यांच्या घनश्यामची, केसासारखं पातं.
म्हणाला, मी याने वाट्या कापतो, डूल कापतो.
तू काय कापणार?
म्हटलं, लाईन.

रूळ दोन लाकडी पट्ट्यांत धरायचा.
वरून कापायचा, कुशीतून नाही,
नाहीतर मुरगळतो.
घाई केली की पातं तुटतं,
आवाजही येत नाही,
हात एकदम हलका होतो फक्त.
पहिल्या दिवशी तीन पाती गेली.
मग कानस, टोक बोटाला बोचेनासं होईस्तोवर.
मग शेवटच्या दोन स्लीपरवरचे काटे तासायचे,
जोडपट्टी सरकेल इतकेच.
मोहरीएवढं प्लास्टिक.
मी पहिल्यांदा आख्खा स्लीपरच उडवला.

तात्या दारात खुर्ची टाकून बसतात.
याच लाईनवर छत्तीस वर्षं चावीवाले,
हातोड्याचा खांदा अजून खाली.
लाईन बंद झाली तेव्हा काही बोलले नाहीत.
मी हे मांडलं तेव्हाही नाही.

आज दोन टोकं अशी भिडवली
की नख जाईना.
खूश होऊन वर पाहिलं.

"फट ठेव. उन्हायामा लोखंड बी आंग पसारस."

"तात्या, खेळण्यातली गाडी आहे."

"तुना पत्रा खेळण्यातला शे का?"

वर पत्रा. मे महिना.
फळीवर वॉर्निशचा डबा उघडा नसतानाही वास.
फट मोजायला पोस्टकार्ड शोधलं, घरात नव्हतं.
त्यांनी पेन्शनच्या पासबुकातून
पुठ्ठ्याचं एक तिकीट काढलं,
वरखेडीचं, न वापरलेलं.
कुणाचं, ते विचारायचं राहिलं.
सांध्यात उभं धरलं.
तेवढी फट.

वळणाला लवचीक रूळ घेतला.
सरळ असताना दोघे सारखे लांब,
वाकवले की आतला पुढे सरकतो,
जीभ काढल्यासारखा.
बाहेरच्याला हात लावायचा नाही,
कापायचा तो आतला.
मला वाटलं, तात्या हरकत घेतील.
ते म्हणाले, "आतल्याले तोकडाच लागस,"
आणि नखाने खूण करून दिली.
नखाखाली अजून काळं आहे,
ग्रीस की काय, साबणाने न जाणारं.

खिडकी जवळ येत गेली.
एका दुपारी, ते झोपले असताना,
मी पहूरच्या पुढचा चार बोटं तुकडा काढला
आणि जळक्या तांब्याच्या डब्यात टाकला.
दोन टोकं जोडली. तिकिटाएवढी फट ठेवून.
जामनेर नीट खिडकीत बसलं.

संध्याकाळी जुबेरने इंजिनाला तारा जोडून दिल्या.
डबे नाहीत, नुसतं इंजिन,
फटीफटीवर टक् करत निघालं.
तात्यांनी डोळे मिटले.
बोटं खुर्चीच्या हातावर, सांधे मोजत.
वरखेडी. पिंपळगाव. शेंदुर्णी.
पहूर गेलं तशी
बोटं एकदा उचलली
आणि खाली आलीच नाहीत.

इंजिन खिडकीशी पोचून थांबलं.

"भागदरा कुठं गे?"

मी डबा ओतला.
तांब्याच्या जळक्या तारांच्या गुंत्यात
तुकडा लगेच सापडेना.
सापडला तेव्हा गरम होता, उन्हातल्या डब्यासारखा.
मी करवतीला नवं पातं लावलं
आणि खिडकीकडे बघत
भिंत किती फोडावी लागेल,
त्याचा अंदाज घेऊ लागलो.