चौकडी

मांड्या घासतात, एवढंच मूळ कारण.
राळामंडळच्या चढावर, तिसऱ्या किलोमीटरला,
आतली कातडी तांबडी होते
आणि व्हॅसलीनची डबी महिनाभरही पुरत नाही.
म्हणून किल्ट. शौक म्हणून नव्हे.
(होता थोडा. खोटं कशाला बोलू.
लहानपणी महूला पाहिलेली
बॅगपाईपवाल्यांची रांग,
गुडघे किती मोकळे, किती बेफिकीर,
खाली मोजे, वर वारा.)

विकतचा अठरा हजारांचा. लोकरी.
इंदूरच्या मे महिन्यात लोकर!
पगारातून दरमहा थोडे बाजूला टाकले
तरी दोन वर्षं.
मग सियागंजामागे लग्नाच्या बँडवाल्या
बुंदूभाईंकडे गेलो.
त्यांनी पेटी उघडली : डांबराच्या गोळ्या, काळी पडलेली झालर,
सोळा किल्ट, सोळांनाही इलास्टिक.
"भाड़े से ले जाइए साहब, चार सौ रोज.
बारात कब की है?"
म्हटलं, बारात नाही, पळायचंय.
ते गंभीर झाले. "किससे?"

घरी वासंती हसली नाही. हे वाईट चिन्ह.
दुसऱ्या दिवशी क्लॉथ मार्केटातून
कापड घेऊन आली :
मरून-हिरवी चौकडी, साठ रुपये मीटर,
बंद पडलेल्या कुठल्याशा शाळेच्या गणवेशाचं.
कुठल्याशा कशाला, आमच्या इराच्याच.
मी ओळखलं, तिने आधीच ओळखलं होतं,
दोघंही बोललो नाही.
इरा नागपूरला असते, फोन रविवारी.

"अहो, सात मीटर लागतंच कशाला?"
"मागे निऱ्या असतात."
"निऱ्या," ती म्हणाली,
आणि चेहरा असा झाला
जसं कुणी चुकून तिच्या हद्दीत शिरलंय.
मला स्टुलावर उभं केलं.
अंगठा आणि करंगळीमध्ये कापड घडी घेत गेलं,
तोंडात टाचण्या, म्हणून सूचना नाकातून :
हं. उंहूं. हं.
सत्तावीस निऱ्या. थोडं कापड कमी पडलं
ते मी पोट आत घेऊन भरून काढलं.
पंचवीस वर्षं हिला साडी नेसताना
मी दारात किल्ली वाजवत उभा,
झालं का, झालं का.
स्टुलावर चाळीस मिनिटं लागली.

रविवारी फाटकावरच्या चौकीदाराने
माझ्या गुडघ्यांकडे बराच वेळ पाहिलं.
"भिया, ये क्या?"
"स्कूल ड्रेस."
त्याने विचार करून मुलांचं तिकीट फाडलं.

तिसरा किलोमीटर आला, गेला,
कातडीला कळलंही नाही.
वळणावर वारा आला तेव्हा
दोन्ही हातांनी पुढचा घेर दाबून धरला
आणि एकदम इरा :
बसची वाट पाहत, दप्तर गुडघ्यांत,
अशीच वाऱ्यावर चिडलेली.
वाघमोडे मागून येत होता,
हसून हसून मागेच राहिला.
वेळ एकोणचाळीस मिनिटं. काही विशेष नाही.

घरी येऊन पाहतो तर घामाने रंग सुटलेला,
मांड्यांवर मरून-हिरव्या चौकटी,
पट्टीने आखल्यासारख्या.
"पहिल्या धुण्यात मीठ घालायला हवं होतं,"
वासंती म्हणाली, "तिचाही सुटायचा."
दोनदा अंघोळ केली. अजून आहेत.
साडेआठला फोन येईल.
व्हिडिओ लाव म्हणायचं का,
ठरत नाहीये.