आपल्या वजनानं

मार्केट यार्डातल्या मागच्या शेडची जागा
हळदीची पोती हलली की रविवारी आमची.
फुटके पीव्हीसी पाइप, मातीचे तीन उंचवटे, फक्कीची रेघ.
एकास दहा मापाच्या सात बग्ग्या
आणि आठवी माझी,
जी प्रत्येक उडीनंतर
मागच्या डाव्या पायावर लंगडायची.

मी तेल बदललं. तिसाचं चाळीस केलं, चाळिसाचं पस्तीस.
स्प्रिंगा पुण्याहून मागवल्या,
बायकोला आकडा अर्धाच सांगितला.
तरी दुसऱ्या वळणावर शेपूट टाकून ती आडवी व्हायची
आणि अल्ताफची गाडी माझ्यावर धूळ उडवत,
पिवळी धूळ, पुढं.

अल्ताफचा आजा, बाबालाल नदाफ,
कुपवाडला एकतीस वर्षं लेथवर,
उलट्या क्रेटवर बसून बिनसाखरेचा चहा पीत होता.
"शॉकअप काढून बघितलास?"
नाही.
"मग काय बघितलास लका?
स्प्रिंग असंस्तवर सगळंच हालतंय.
ती ढकलती म्हणून हालतंय."

शॉकअप काढले दोन्ही.
उजवा आर्म उचलला, सोडला. टप.
डावा उचलला, सोडला.
तो तिथंच राहिला,
उत्तर येत नसताना
हात वर करून बसलेल्या पोरासारखा.

चाचा हसले नाहीत.
"एकेक सोडव. सगळं एकदम खोललंस
तर दोषी कोण ते कळायचं न्हाई."
वरची लिंक बॉलवरून उपटली. आर्म तसाच.
ड्राइव्हशाफ्ट काढला. तसाच.
पिनेच्या बैठकीचा स्क्रू अर्धा आटा मागं घेतला,
तेव्हा तो जरा वाकला, नाखुशीनं,
आणि परत थांबला.

पिन बाहेर आली ती पिवळी होऊन.
हळद, ग्रीस आणि मागच्या पावसाळ्याची माती,
वासावर तर भूकच लागावी.
मोबाइलच्या काचेवर लोळवली:
मध्ये एका जागी काच दिसत होती तिच्याखालून,
केसाएवढी.
गेल्या दिवाळीत कंपाउंडला धडकलो होतो तो केस.

नवी पिन होती डबीत. पण भोकही आवळलेलं.
चाचांनी खिशातून रीमर काढला,
जसा दुसरा कुणी तपकिरीची डबी काढील.
त्यांचं उजव्या हाताचं मधलं बोट वळत नाही,
ते बाजूला उभंच राहतं,
बाकीची चार फिरवतात.
"बोटानंच. ड्रिल लावलास तर हात तोडीन.
सुलटा फिरव, काढतानाबी सुलटाच.
फुंकर मार. पिन घालून बघ. परत.
मोकळं करायचं, ढिलं न्हाई.
गेलेलं प्लास्टिक माघारी येत न्हाई."

अंधार पडला तरी मी एवढंच करत होतो,
मग घरी, ओट्यावर, ट्यूबलाइटखाली.
फिरव, काढ, फुंकर.
काळी भुकटी कुकरच्या झाकणावर.
अकराव्या की बाराव्या खेपेला
आर्म उचलला, सोडला,
आणि तो गेला खाली.
कुणी न ढकलता.
टप.

शैलजा कणीक मळत होती.
"काय झालं?"
मी सांगितलं काय झालं,
आणि त्याच दमात स्प्रिंगांचा आकडा, पूर्ण.
का सांगितला, ठाऊक नाही.
तिनं तो मनात एकदा मोजला, मग परत मोजला.
नळ बंद केला.
हात पदराला पुसून जवळ आली,
डावा आर्म बोटानं उचलला, सोडला.
टप.
उजवा उचलला, सोडला.
परत सोडला. कान जवळ नेला.
"हा वाजतोय," म्हणाली, "खुळखुळतोय आतून."

इतके दिवस मी याच्याच मापानं
डाव्याला नावं ठेवत होतो.

शिमांची डबी कुठं ठेवलीय
ते तिलाच विचारावं लागलं.