तोरेतामची लेक

वडील रेल्वेत सांधेवाले.
तोरेताम स्टेशनातून एक रूळ सरळ जाई,
दुसरा कुंपणाकडे वळे,
त्याच्याबद्दल घरात बोलायचं नसे.
रात्री त्या वळणावरून ताडपत्रीखाली झाकलेलं
काहीतरी लांबलचक सरकत जाई.
आई दिवा बारीक करी.
मी खिडकीशी उभी राहून डबे मोजी.

दुर्बीण कुठली असणार?
रेडिओ सगळं पार पडल्यावर बोले.
म्हणून मी चमच्याने मोजलं.
चहाच्या वाडग्यावर आडवा चमचा,
समोर गणिताची वही, चौकटींची :
तारीख, वेळ, आणि पुढे
काच वाजली.
काच वाजली, चमचा सरकला.
चमचा पडला. कुत्रं पलंगाखाली.
एका पानावर फक्त :
उजेड फार. आवाज चुकीचा.
त्याखाली काही नाही.
दुसऱ्या दिवशी वडील कामावरून आले,
हात धुतले, पुन्हा धुतले,
आणि ज्या बातमीची मी वाट पाहत होते
ती रेडिओवर कधीच आली नाही.

विसाव्या वर्षी लग्न. जाक्सिलिक,
पाण्याचा टँकर चालवायचा, जेझकाझगानच्याही पलीकडे.
मी सांगते तेव्हा बायका हसतात,
पण खोटं काय त्यात?
ते माझ्या माहेरून वर जातात
आणि माझ्या सासरी उतरतात.
तेवढ्याच वाटेला मला दोन गाड्या लागल्या आणि एक रात्र,
मांडीवर शिवणयंत्राचं मुंडकं धरून.
त्यांना लागतात सहा महिने,
रोजचे सोळा सूर्योदय.

एकदाच पाहिलं जवळून.
मार्च संपत आलेला, बर्फ चिखलाला लागलेलं.
वाऱ्याने त्यांना भलतीकडेच आणून टाकलं
आणि जाक्सिलिक म्हणाला, चल, बस टँकरमध्ये.
आम्ही पोचलो तेव्हा हेलिकॉप्टरं आलेली होती.
गवत जळालेलं. मधोमध ते,
लग्नघरच्या कढईच्या बुडासारखं काळं,
एका अंगावर कलंडलेलं.
इतकी वर्षं मी ज्यांना उंच, लखलखीत समजत होते
त्यांना चौघे मिळून खुर्चीत बसवत होते,
पाय न सापडलेल्या शिंगरासारखे,
राखाडी चेहरे, कपाळावर घाम.
एकाला कुणी चहा दिला.
तो एक घोट प्याला, मान वळवून काही बोलला
आणि पेला हवेत ठेवून दिला.
अगदी निश्चिंत. जसा तिथे ठेवत असेल.

पेला पडला.

तो बघतच राहिला खाली.
मग वाकायला गेला, त्याला वाकू दिलं नाही,
तेव्हा मीच गेले कुंपण नसलेल्या त्या जागेत,
पेला उचलला,
आणि बुडाशी चिकटलेली रानदवण्याची काडी
त्याच्या हातात दिली.
त्याने ती चुरगाळून नाकाशी धरली.
डॉक्टर मला ओरडली. बरोबरच होतं तिचं.

घरी येऊन वहीत लिहिलं : पेला पडला.
कुठल्या रकान्यात लिहावं ते कळेना,
सगळे रकाने जाण्याचे आखलेले.

आता जाक्सिलिक नाही. माझा खुबा बदललाय.
नर्स मोल्दिर म्हणते, उठा आजी,
जमिनीला घाबरता काय एवढ्या?
तिला कसं सांगू, जमीन केवढी ओढते,
खाटेवरून पाय खाली सोडला की
जणू कुणी खालून नाव घेऊन बोलावतंय.
घाम येतो. चेहरा राखाडी होत असणार.
पण लाज वाटत नाही.
मी पाहिलंय, वरून आलेलेही असेच उठतात.

आज पहाटे उड्डाण होतं.
नातवाने फोनवर दाखवलं, एवढंसं, नखाएवढं.
इथवर हादरा येत नाही, माहीत आहे मला.
तरी वाडग्यावर चमचा ठेवला.
वही तीच नाही, सातवी. चौकटी त्याच.
लिहिलं :
चमचा हलला नाही.
तिघं गेले.
मी दारापर्यंत.