हातचा

गुन-ब्रिटने आधी बॉनेट उघडलंच नाही.
विचारलं, रोज कुठे जातोस?
म्हटलं, योतेबोरीला, गोदामात, रात्रपाळी.
पंचाहत्तर किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे,
येताना डोळे अर्धे मिटलेले.
आणि पेट्रोल?
जिथे स्वस्त मिळेल तिथे.
तिने सगळं पेन्सिलीने लिहून घेतलं,
डॉक्टरीणबाई घराण्यातले आजार विचारतात तसं.

मी म्हटलं, मला चारशे हवेत.
घोडे? म्हणाली. बांधशील कुठे?

गाडी दोन हजार चारची साब, स्टेशनवॅगन,
याच ट्रोल्हेत्तानात जन्मलेली.
गुन-ब्रिटही त्याच कारखान्यातली,
एकोणतीस वर्षं. प्रेस-शॉपने तिचा डावा कान ठेवून घेतला,
बाकीची ती कारखाना बंद झाल्यावर बाहेर आली
आणि भावाच्या ट्रॅक्टर-शेडमध्ये रोलर बसवले.

फळीवर एक पिस्टन आहे,
उंदराने भाकरी कुरतडावी तसा कडेला खाल्लेला.
त्यात ती टाचण्या ठेवते.
कुणाचा, म्हणून विचारलं तर म्हणते,
माझ्याच शहाणपणाचा. सत्त्याऐंशी साल.

तीन दिवस तिने ताकद वाढवलीच नाही.
नळ्यांत धूर सोडला आणि बघत बसली
कुठून निसटतोय.
एक क्लॅम्प सैल. एक रबर चिरलेलं.
इंधनाचा पंप दमलेला, तो बदलला.
प्लगची फट कमी केली, नखाएवढीसुद्धा नाही,
नखावरच्या रेघेएवढी.
मी चुळबुळत होतो. ती कॉफी पीत होती.

चौथ्या दिवशी बाहेर उणे चौदा.
आजची हवा लाच देतेय, म्हणाली.
गार, दाट, फुकट.
हिच्या भरवशावर आकडा लिहिलास
तर जुलै येऊन वसुली करील.

पट्टे आवळले. पंखा सुरू.
तिने हेडफोन चढवला, एकच बाजू, उजवी,
तिची तार इंजिनाच्या अंगाला चिकटवलेली.
तीन हजार. टर्बोने छाती भरून घेतली.
चार हजार. फळीवरच्या टाचण्या थरथरल्या.
साडेचारला तिचा हात वर.

मला तर नुसती गर्जना ऐकू आली होती.
तिने हेडफोन माझ्या कानावर ठेवला आणि पुन्हा धावडवली:
गर्जनेच्या आत, खूप आत,
आई मका फोडते तेव्हा
झाकणाला पहिला दाणा आपटतो,
तसा
टक्.

एवढंच?
एवढंच. दुसरा दाणा ऐकायला थांबायचं नसतं.

ठिणगी दोन अंश मागे.
इंधन चिमूटभर जास्त.
दाब एक पूर्णांक एक बारवर आणला
आणि किल्ल्यांवरून बोटं उचलली.
अजून वाढेल ना?
वाढेल की. ते वाढतंच.
थांबायचं आपल्याला असतं.

कागद निघाला: दोनशे अडुसष्ट.
पोरांना काय सांगू, पार्किंगमध्ये?
मी कागदाची घडी घातली, मग घडीची घडी.
ती हात पुसत होती, फडका तिच्या हातांपेक्षा मळका.
म्हणाली, शाळेत बेरीज शिकलास ना?
त्यात हातचा धरतात.
उत्तरात तो वेगळा दिसत नाही,
पण विसरलास की सगळंच चुकतं.
मग पावती फाडली, पंधराशे क्रोनर कमी लावून,
आणि पुढच्या गाडीला हाक मारली.

जुलै आला. एकतीस अंश.
गाडीत कुठलंतरी स्वस्त पेट्रोल,
पुढे चढ, चढावर एक कॅराव्हॅन,
तिच्या मागे नऊ गाड्या आणि मी.
रस्ता मोकळा दिसला. पाय दाबला.
सुईने हलायचं तेवढं हलून घेतलं.
कान टवकारून बसलो होतो, दाण्यासाठी.

नाही आला.

मागच्या सीटवर आई झोपली होती,
चप्पल काढून, पिशवी उशाला घेऊन.
दहा गाड्या मागे पडल्या.
तिने कूससुद्धा बदलली नाही.