अविंध

मनामात ऑगस्टची दुपार. बाब-अल-बहरैनमागच्या गल्लीत
कबुतरंसुद्धा एसीच्या पेटीखाली,
गळणाऱ्या थेंबाची वाट बघत.
दुकानात आम्ही दोघं. शरफुद्दीन तुंगेकर चाळणीवर,
मी सामत्यावर. अरबाबला मशीनचा आवाज सोसत नाही,
म्हणून अजून कमान ओढून मोती विंधायचा,
करंगळीने पाणी सोडत, श्वास धरून.

पुतण्याचा फोटो आला फोनवर:
पत्र्याच्या डब्यात सापडलेला मोडी कागद,
कसरीने खाल्लेला, कडेला हळदीचा डाग.
काका, तिकडे कोणी वाचेल का?

मला मोडी येत नाही. मला सोनं येतं.
शरफुद्दीनला येते. त्याचा आजा हर्णैला
खोताच्या चोपड्या लिहायचा, आणि सुटीत
नातवाला आधी मोडीची पाटी, मग आंबे.

चष्मा कपाळावर सारला त्याने, पडदा दोन बोटांनी ताणला:
"...बंदरी अविंध उतरले. गलबते तीन.
घोडी व खजूर. सोनारास बोलाविले..."
आणि थांबला.

अविंध म्हणजे काय रे?
"मी," म्हणाला.

विंधलेला नाही तो. कान न टोचलेला. एवढंच.
म्हणजे कधीतरी कुणी धक्क्यावर उभा राहिला
आणि होडीतून उतरणाऱ्या परक्या माणसाची
पहिली काय पाहिली, तर कानाची पाळी.
देव नाही पाहिला, तलवारही नाही.
नक्की आमच्यातलाच असणार, सोनार.
मनात म्हणाला असेल,
अरे, इतके कान, आणि सगळे कोरे!

मग शब्द घाट चढून गेला.
छावणीत राहिला, बखरीत राहिला,
त्याच्या अंगाला दारूचा वास लागला.
अविंध आले, की गाव उठायचं.
पाळी कोण बघतो त्या धांदलीत?

"तुमचे मास्तर यवन म्हणायचे ना?" शरफुद्दीन.
म्हणायचे. तो तर मुळात ग्रीकांचा सदरा,
आम्ही दुसऱ्याच्या अंगात घातलेला.
"आणि ताम्रपटात ताजिक. एका टोळीचं नाव,
सगळ्या अरबांच्या गळ्यात."
चाळणी हलवत म्हणाला. मोती आपापल्या भोकातून पडत होते,
लहान लहानात, मोठे वरती.

मग त्याने डावा कान माझ्याकडे केला. हे बघ.
भोक. बारीक, पण आरपार.
त्याच्याआधीची तीन गेली होती,
म्हणून आईने टोचून घेतला,
फकिराच्या पदरात टाकला, आणि पायलीभर तांदळाला
परत विकत आणला.
तिच्या स्वतःच्या कानात सात-सात.
"हे त्या कारकुनाला सांग," म्हणाला, हसला नाही.

माझा हात आपसूक माझ्या पाळीकडे.
बाराव्या दिवशी आज्याने टोचला होता म्हणे.
सव्वीस वर्षं इथे काही घातलं नाही त्यात.
चाचपून पाहिलं. बुजलंय.

सोनाराने कान टोचावे म्हणतात.
मी गप्प बसून टोचून घेतला.

"या हिंदी!" दारातून अरबाब.
आम्ही दोघांनीही माना वर केल्या.
त्याने मखमलीवर एक मोती ठेवला,
पावट्याएवढा, पहाटेच्या समुद्राच्या रंगाचा:
याला हात लावू नकोस. गिऱ्हाइकाला अखंड हवाय.

वही ओढली. आमच्या धंद्यात अशा मोत्यापुढे
एकच शब्द लिहायचा, आज्यापासूनचा.
रोज लिहितो. कधी ऐकला नव्हता.
अविंध. आणि भाव, विंधलेल्याच्या दुप्पट.

शरफुद्दीनने वहीत डोकावून पाहिलं.
"अक्षर सुधार," म्हणाला.

रात्री पुतण्याला कळवलं:
तीन गलबतं, घोडी, खजूर.
सोनाराला बोलावलं होतं.
कशाला, ते कसरीने खाल्लं.