चौथं पान

आराखडा आठ पानांचा, टपालाने आलेला,
कोपऱ्यावर कुणाच्यातरी कॉफीचं वर्तुळ.
ओस्ताप म्हणाला, आई, हे चाक ना?
म्हटलं, नाही रे. चाकं सहाव्या पानावर.

सस्कॅचेवानचा हिवाळा, उणे तीस.
पोटॅशच्या खाणीतली पाळी संपवून
मी गॅरेजमध्ये पुन्हा मुखवटा चढवायची.
सव्वा इंची नळी, पंचेचाळीसचा कोन,
इंजिन मायरनकाकाच्या बर्फ उपसायच्या यंत्राचं,
सीट भंगारातल्या ट्रॅक्टरची,
उंदरांनी आधीच चाखलेली.
ओस्ताप बॅटरी धरायचा. झोप आली की
उजेड माझ्या हातांवरून
हळूहळू बुटांवर उतरायचा.

एप्रिलमध्ये शेत उघडं पडलं.
कॅनोलाची खुंटं, चिखल.
त्याने दोरी ओढली. तीनदा काहीच नाही,
चौथ्यांदा अख्खं कोठार खोकलं
आणि गेला की सुसाट!
चाक डावीकडे वळवलं,
गाडी उजवीकडे.
आणखी डावीकडे,
आणखी उजवीकडे,
थेट बेडकांच्या डबक्यात.

घरात येऊन चौथं पान खिडकीच्या काचेवर धरलं.
तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
खालून पाहिल्यास.

अठरा वर्षं जोडकाम करते मी.
उद्या कापून टाकते, म्हटलं,
दांडा पलीकडे लावला की झालं.
तो कानातला चिखल काढत होता.
नको, म्हणाला, मला कळलंय आता.
आणि शाळेतल्या दुसऱ्या कुणालाच
ही चालवता येणार नाही.

ग्राइंडरची वायर
मी अजून गुंडाळलेली नाही.